स्विफ्ट या प्रोग्रामिंग भाषेत लांबलचक इफ (अट तपासणारं वाक्य) लिहिला की 'वाजवी वेळेत टाइप-चेक करता येत नाही' अशी एरर का येते?

तुम्ही पाठवलेला, कोथरूड-हिंजवडी प्रवासाचं भाडं ठरवणारा इफ वाचला. खरी गोची && ('आणि') ची नाही, ?? (डावीकडे किंमत नसेल तर उजवीकडची घे) आणि नुसत्या आकड्यांची आहे. 'अंतर ?? 0 > 12.5 * दर' यात 0 इंट (पूर्णांक) की डबल (दशांश संख्या), > कुठला, * कुठला, या सगळ्या जोड्या कंपायलर (कोड तपासून त्याचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) एकदम ताडून बघतो. अशा पाच अटी जोडल्या की बसला तो घाम गाळत!

प्रत्येक अट वेगळ्या लेटमध्ये (नाव दिलेल्या किमतीत) काढा, पुढे : बूल (खरं/खोटं हा प्रकार) लिहा. बहुतेकदा तेव्हाच खरी चूक सापडते, 'दर' डबल नसून इंट निघतो.

फक्त 'थांबे रिकामे नाहीत && थांबे[0]...' ही जोडी फोडू नका (थांबे[0] म्हणजे यादीतला पहिला थांबा). && डावीकडे खोटं मिळालं की उजवीकडे जातच नाही; वेगळ्या लेटमध्ये थांबे[0] वाचलंच जाईल आणि रिकाम्या यादीवर अ‍ॅप क्रॅश होईल.