मुरबाडला ३० दख्खनी मेंढ्या आहेत, जुळी कोकरं मिळावीत म्हणून कोणता मेंढा आणू?

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं तयार केलेला नारी सुवर्णा जातीचा मेंढा आणा, आणि घेताना डीएनए टेस्टमध्ये जुळ्यांच्या जनुकाच्या दोन्ही प्रती आल्यात का ते बघूनच पैसे द्या. हे फेकबी नावाचं जनुक सुंदरबनच्या गारोळ मेंढीतून दख्खनीत आणलंय, त्याची एक प्रत असली तरी मेंढी माजात एकाहून जास्त बीजांडं सोडते. पण जुळं होणं मेंढीवर असतं, मेंढ्यावर नाही, त्यामुळे तुमच्या आत्ताच्या ३० जणी एकेकच देणार, फरक दिसेल तो ह्या मेंढ्याच्या लेकींत आणि त्या मोठ्या होऊन व्यायला दीड-दोन वर्षं तरी धरा. तोवर नर कोकरं खुशाल विका पण ह्या पाटी (मादी कोकरं) कल्याणच्या खाटकाला देऊ नका (भाव चांगला मिळतो हे खरंय), आणि त्या माजावर यायच्या आत मेंढा बदला, नाहीतर बाप-लेकीचा संकर होईल.

मी ह्याच पट्ट्यात जनावरांचा डॉक्टर आहे म्हणून सांगतो, जुळी कोकरं वजनानं हलकी असतात, पहिल्या तास-दोन तासांत दोघांच्याही पोटात चीक गेला पाहिजे, आणि गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात आईला मक्याचा भरडा, पेंड वाढवावी लागते. त्यात आपल्याकडचा पाऊस, खाली चिखल राहिला की खुरं सडतात, जंत वाढतात. शेडला उंचावर फटींची लाकडी जमीन नसेल तर आधी ती करा, मेंढा नंतर.