पहिल्यांदाच गोव्याचं कार्निव्हल बघणार असाल तर

आधी तारीख बघून घ्या, कारण ती दर वर्षी बदलते. ईस्टरच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार येतो आणि ख्रिस्ती लोकांच्या उपवासाचा काळ सुरू होतो. त्याच्या आधीचे शनिवार ते मंगळवार म्हणजे कार्निव्हल, गावाकडचं इंत्रूज.

शनिवारी पणजीत किंग मोमो, म्हणजे कार्निव्हलचा राजा, ‘खा, प्या, मजा करा’ असं फर्मान काढतो. चित्ररथ जरूर बघा, पण गाडी लांब लावा आणि चालत जा. ही मिरवणूक १९६५ पासूनची. तिच्यात हल्ली जाहिराती फार, हे माझं मत.

जुनं इंत्रूज बघायचं तर दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत जा. तिथे चौकात, अंगणात कोंकणी खेळ होतात. मंच नाही, जमिनीवरच नाटक, गाणी आणि पुढाऱ्यांना चिमटे. सोमवारी रात्री चांदोरला मुसळखेळ असतो. चांदोर म्हणजे कदंब राजांची जुनी राजधानी चंद्रपूर. ख्रिस्ती घरांतले पुरुष हातात मुसळ घेऊन, जमिनीवर ठोके देत नाचतात. वेळ गावात विचारूनच घ्या. फ्लॅश मारू नका, मध्ये घुसू नका. लोक गप्पा मारतात, पण आधी तुम्ही ‘देव बरो दीस दिवं’ म्हणा.