परदेशात जाणाऱ्या मॉर्मन मिशनरी तरुणांचा दिवस कसा जातो? ते श्रद्धेने जातात की घरच्यांच्या दबावाने?

पांढरा सदरा, टाय आणि छातीवर काळी नामपट्टी लावलेले दोन तरुण आपल्या दारावर आले होते आणि विशीही न ओलांडलेली ही मुले हे सारे मनापासून करतात की घरच्यांनी पाठवले म्हणून, असा प्रश्न आपल्याला पडला, असे आपण लिहिले आहे. मॉर्मन हा अमेरिकेत उगम पावलेला एक ख्रिस्ती पंथ. मी त्या पंथाचा नाही आणि होईन अशी चिन्हेही नाहीत. परंतु २०१७ ते २०२० या काळात मी तैवानमधील शिन्चू शहरात संशोधक विद्यार्थी होतो आणि त्यांतील जवळजवळ दोन वर्षे माझ्या खालच्या मजल्यावर असेच मिशनरी राहत होते. दर सहा आठवड्यांनी बदल्यांचा आदेश येई, त्यामुळे माणसे बदलत राहत, पण खोली आणि दिनक्रम तोच राही.

साडेसहाला उठायचे, अर्धा तास व्यायाम, न्याहारी, मग तासभर एकट्याने ‘बुक ऑफ मॉर्मन’ या पंथाच्या स्वतःच्या धर्मग्रंथाचे आणि बायबलचे वाचन, त्यानंतर जोडीदाराबरोबर वाचन, पुढे भाषेचा अभ्यास, आणि दहा-अकराच्या सुमारास सायकली काढून बाहेर. रात्री नऊच्या आसपास परत, दुसऱ्या दिवसाचे नियोजन, साडेदहाला दिवे बंद. सोमवारी कपडे धुणे, बाजारहाट आणि घरी पत्रे लिहिणे. दोन वर्षे चित्रपट नाही, प्रेमप्रकरण नाही, पोहणे नाही. मुलांसाठी हा काळ २४ महिन्यांचा असतो, मुलींसाठी १८ महिन्यांचा. २०१२ मध्ये मुलांची किमान वयोमर्यादा १९ वरून १८ वर आणल्यामुळे अनेक जण शाळा संपल्या संपल्या निघतात. कोणत्या देशात जायचे हे त्यांना निवडता येत नाही. खर्च स्वतःचा किंवा घरच्यांचा असतो. त्या वेळी अमेरिकेतून येणाऱ्यांना तो महिना ४०० डॉलर, म्हणजे दोन वर्षांचे ९,६०० डॉलर पडत असे. माझ्या ओळखीचा पहिला मिशनरी अमेरिकेतील आयडाहो राज्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा होता आणि त्यातली बरीचशी रक्कम त्याने बटाट्याच्या शेतांवर मजुरी करून साठवली होती.

सर्वांत कठीण नियम मला वाटला तो एकटे न राहण्याचा. जोडीदार सतत नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात असावा लागतो, आणि हा जोडीदार आपण निवडलेला नसतो. एकाला पहाटे स्तोत्रे गुणगुणायची सवय आणि दुसऱ्याला न्याहारीपूर्वी शब्दही नको, अशी जोडी मी दीड महिना पाहिली आहे. ‘दाराला कडी लावून बसता येते अशी जागा आमच्या घरात एकच आहे,’ असे त्यांच्यातील एकाने मला हसत सांगितले होते, पण ते हसणे फारसे खरे नव्हते.

या मुलांना ‘एल्डर’ म्हणतात. चिनी भाषेत त्याचे ‘जांगलाव’, म्हणजे ज्येष्ठ, असे भाषांतर केलेले असल्यामुळे पंथातल्या सत्तरीच्या आजीबाई एकोणीस वर्षांच्या पोराला आदराने ज्येष्ठ म्हणून हाक मारताना दिसत. निघण्यापूर्वीच्या प्रशिक्षण केंद्रात जेमतेम दोन महिने भाषा शिकून ही मुले येतात, आणि तरीही वर्षभरात त्यांचे बोलणे माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार झालेले असे. आमची ओळखसुद्धा माझा गॅसचा बंब दुरुस्त करायला आलेल्या माणसाशी मला बोलता येईना म्हणून झाली. दुभाषा म्हणून मी खालच्या मजल्यावरचा गोरा मुलगा बोलावून आणला, हे पाहून तो दुरुस्तीवाला बराच वेळ हसत होता.

आभार मानायला मी चहा केला, आणि पाहुण्याने चहाला नाही म्हणण्याचा तो प्रसंग मला फार जड गेला. चहा, कॉफी, मद्य आणि तंबाखू त्यांना वर्ज्य आहेत. तैवानमध्ये चौकाचौकात चहाचे दुकान असते, म्हणजे हा नियम दिवसातून दहा वेळा पाळावा लागतो. त्यांनी शोधलेली वाट मला फार आवडली: तिथे ‘दोंगग्वा छा’ नावाचे पेय मिळते, ज्याच्या नावात चहा असला तरी ते साखर घालून आटवलेल्या कोहळ्याचे असते, आणि त्यात चहाचे पानही नसते. माझ्याकडे मात्र पुढे त्यांच्यासाठी कोकम सरबत ठरलेले होते. माझे आजोबा माळकरी होते, त्यामुळे खाण्यापिण्याच्या नियमाकडे मी कधी थट्टेने पाहिले नाही.

बाहेरचे काम म्हणजे मुख्यतः नकार ऐकणे. लाल दिव्यापाशी स्कूटर थांबल्या की सायकलवरून शेजारच्या स्कूटरवाल्याशी बोलायला सुरुवात करायची, आणि सिग्नलवरचे आकडे शून्यावर येण्याआधी चर्चचा पत्ता त्याच्या हाती द्यायचा, ही त्यांची रीत. उत्तर बहुधा ‘बू योंग’ असे येई, म्हणजे ‘नको, गरज नाही’. हिवाळ्यात शिन्चूला ईशान्येचा वारा असा सुटतो की सायकल जागच्या जागी उभी राहावी. त्या वाऱ्यात दिवसभर हे ऐकून आलेल्या मुलांचे चेहरे मी जिन्यात पाहिले आहेत.

आता दबावाविषयी. तो असतोच. मुलग्यांच्या बाबतीत मिशनवर जाणे हे कर्तव्यच मानले जाते, आणि दोन वर्षांच्या आत परतलेल्याला गावात चोरट्या नजरा सोसाव्या लागतात, हे त्यांच्याच तोंडून मी ऐकले आहे. वडील गेले होते, थोरला भाऊ गेला होता, म्हणून मीही निघालो, असे आयडाहोच्या त्या मुलाने मला सरळ सांगितले. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला, असे. त्यानंतर दर आठवड्याला मिळू लागली. त्या मुलाचे आजोबा त्याआधीच्या शरद ऋतूत वारले. तो अंत्यविधीला गेला नाही, आणि जायचे नाही हे त्याने स्वतः ठरवले की त्याच्यासाठी आधीच ठरलेले होते, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

पण दबावाने माणूस विमानात बसतो. पुढच्या सातशे सकाळी साडेसहाला उठायला तेवढे पुरत नाही. त्यांच्या पंथात श्रद्धा व्यक्त करताना ‘माझा विश्वास आहे’ यापेक्षा ‘मला ठाऊक आहे’ असे म्हणण्याची पद्धत आहे, आणि लहान मुलेसुद्धा चर्चमध्ये उभी राहून तसे म्हणतात. आयडाहोचा तो मुलगा त्या काळात एका तैवानी तरुणाला आपला धर्म शिकवत असे, ज्याचे वडील नुकतेच गेले होते. सगळे पटल्यावर त्या तरुणाने एकच विचारले, ‘मी तुमच्यात आलो तर माझ्या वडिलांपुढे उदबत्ती कोण लावणार?’ मृत पूर्वजांच्या वतीने मंदिरात बाप्तिस्मा घेण्याची सोय त्यांच्या पंथात आहे, आणि तैपेईला १९८४ पासून त्यांचे मंदिरही आहे, तेव्हा पाठ केलेले उत्तर आयडाहोच्या मुलाजवळ होते, आणि ते त्याने दिलेही. पण पितृपक्ष पाळणाऱ्या घरातून आलेल्या मला जे लगेच समजले, ते त्यालाही त्या क्षणी समजले असावे: प्रश्न पूर्वजांच्या उद्धाराचा नव्हता, रोज सकाळी देवघरापुढे उभे राहण्याचा होता.

पुढच्या सोमवारी गच्चीवर कपडे वाळत घालताना तो मला म्हणाला, ‘मी वर्षभर लोकांना मला ठाऊक आहे असे सांगतोय. ठाऊक माझ्या वडिलांना आहे. मला फक्त तसे असावे असे वाटते.’ जोडीदार गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, नियमाप्रमाणे नजरेच्या टप्प्यात, मोजे पिळत होता. मला वाटले, हा आता परत जाणार. तो गेला नाही. काही दिवस तो शिकवतानाही ‘मला वाटते’ असेच म्हणत असे, ज्यावरून जोडीदाराशी त्याची कुरबूर झाली, आणि बदली होऊन जाण्याआधी निरोप घ्यायला आला तेव्हा तो पुन्हा ‘मला ठाऊक आहे’ म्हणू लागला होता. मधल्या काळात काय घडले ते मी विचारले नाही. मात्र या वेळचे ‘ठाऊक’ वडिलांकडून आणलेले नव्हते, असा माझा समज आहे. त्याच घरात मी असाही एक मुलगा पाहिला ज्याच्या बाबतीत हे कधी घडलेच नाही, आणि तो अकराव्या महिन्यात घरी परतला. मला दोघेही सारखेच प्रामाणिक वाटले.

आपल्या दारावर ते पुन्हा येतील. बसवून घ्यावेसे वाटले तर चहाऐवजी पाणी किंवा सरबत विचारा, आणि शेत, घर, भावंडे यांच्याविषयी विचारा. त्या गोष्टी त्यांना फार कमी लोक विचारतात. धर्मचर्चा नको असेल तर स्वच्छ ‘नको’ म्हणा. ते त्यांना रोजचे आहे. आपल्याकडचे ‘बघू पुढच्या आठवड्यात’ मात्र त्यांच्याकडे होकार म्हणून नोंदवले जाते, आणि त्या भरवशावर ती दोन मुले पुढच्या आठवड्यात वाऱ्यापावसातून सायकल मारत खरोखर येतात.