रियाजाला बसण्यापूर्वी

प्रिय मुली, अनेक आशीर्वाद.

बसल्या बसल्या तारसप्तकाला, म्हणजे वरच्या पट्टीतल्या स्वरांना, हात घालण्याची तुझी सवय मला काळजीत टाकते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. आज गळा कसा आहे, हे वरचा स्वर लावून पाहण्याचा मोह मलाही कळतो. पण तयार नसलेल्या गळ्याची ही परीक्षा घेऊन त्याची खरी कुवत कधीच समजत नाही.

४४० हर्ट्झचा स्वर गाताना स्वरतंतू सेकंदाला ४४० वेळा एकमेकांवर आदळतात. नुकत्याच झोपेतून उठलेल्या गळ्यावर जोराने असा मार पडला की आवाज फाटतो, तो सावरण्यासाठी आपण नकळत मान आणि जबडा आवळतो, आणि ती आवळलेली मान पुढे सगळ्या रियाजभर सुटत नाही. म्हणून आरंभ मध्यसप्तकात, म्हणजे मधल्या स्वरांत, ओठ मिटून केलेल्या मंद गुंजनाने कर. तोंड मिटलेले असताना आतल्या हवेचा दाब तंतूंना वरच्या बाजूने आधार देतो आणि ते हलकेच जुळतात. ओठांवर आणि नाकाच्या मुळाशी बारीक झिणझिण्या जाणवल्या की गुंजन नीट लागले असे समज. मग त्याच स्वरावर हळूच आकारात, म्हणजे ‘आ’ म्हणत गाण्यात, ये. स्वर डळमळला तर पुन्हा ओठ मिट. खर्जात, म्हणजे खालच्या स्वरांत, उतरताना आवाज ढकलू नकोस. पाणी आधीपासूनच पीत राहा, कारण प्यायलेले पाणी अन्ननलिकेतून जाते, स्वरतंतूंना थेट लागत नाही.

तू बासरीही वाजवतेस, म्हणून एवढेच: गार बासरी उतरलेली बोलते. तापमान एका अंशाने वाढले की हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो आणि स्वर चढतो, तेव्हा थोडे फुंकून झाल्यावरच इतरांशी स्वर जुळवावा.

कार्यक्रमाच्या दिवशीची गोष्ट मात्र मी सर्वांत कळकळीने सांगतो. पडद्यामागे अवघड तान घोटू नकोस. ती घसरली तर भीती घेऊन मंचावर जाशील, आणि उत्तम आली तर तिचा जोर तिथेच खर्ची पडेल. जी तान आदल्या दिवसापर्यंत बसली नाही, ती त्या शेवटच्या काही मिनिटांत बसत नाही. तुझी पाळी लांबली, तर अधूनमधून मिनिटभर गुंजन करून गळा ऊबदार ठेव.

गुंजनानंतरही घसा दुखत राहिला, तर त्या दिवशी गाऊ नकोस; हातावर ताल धरून बंदिशीचे शब्द मनातल्या मनात म्हण. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव.