येऊर, तुर्भे, घणसोली: एकाच सरासरीत बसत नाहीत

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर येणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तुम्ही तीन ठिकाणी उंदरांचे पिंजरे लावलेत: ठाण्यात येऊरच्या पाड्यांजवळ, नवी मुंबईत तुर्भ्याच्या घाऊक बाजारामागे आणि घणसोलीला खारफुटीच्या कडेने. येऊरच्या उंदरांच्या कानात नारिंगी पुंजके दिसले, तुर्भ्याच्या घुशींच्या केसांतून तुरुतुरु पळणारे तपकिरी माइट (कोळ्यांचे बारीक नातेवाईक) मिळाले, आणि घणसोलीला जवळपास काहीच नाही. आता सगळे माइट एकत्र मोजून 'दर उंदरामागे किती' असा तक्ता करायचा म्हणताय, आणि त्यातून 'जंगलातला उंदीर बाजारातल्यापेक्षा धोक्याचा' असा निष्कर्ष निघतोय.

तो तक्ता करू नका. जाती ओळखायच्या आधीसुद्धा प्रत्येक माइटबद्दल एक साधा प्रश्न विचारता येतो: हा उंदराच्या अंगावर नसतो तेव्हा राहतो कुठे? याचं उत्तर तुमच्या तीन ठिकाणी तीन वेगळं येतं, म्हणून ते आकडे एका रकान्यात बसत नाहीत.

येऊरपासून सुरू करू, कारण खरी गंमत तिथे आहे. कानात मिळालेले ते चिगर, म्हणजे ट्रॉम्बिक्युलिड कुळातल्या माइटच्या अळ्या. कानाची पाळी उलटून भिंगाखाली धरली की आतल्या घडीत शेंदराची चिमूट दाबून बसवल्यासारखं दिसतं. सुईच्या टोकाने एक अळी सोडवून पाहा: सहा पाय आणि जेमतेम ०.२ मिलिमीटरचं अंग. या माइटच्या सगळ्या आयुष्यात परजीवी असते ती एवढी एक अवस्था. ती रक्त पीत नाही. त्वचेत लाळ सोडते, तिने पेशी विरघळतात, भोवती एक बारीक नळी घट्ट होते आणि त्या नळीतून तो रस ओढला जातो. काही दिवसांत पोट भरलं की अळी गळून मातीत जाते. पुढची आठ पायांची निम्फ (अळी आणि प्रौढ यांमधली अवस्था) आणि प्रौढ माइट मातीतच राहतात, किड्यांची अंडी आणि तसलेच बारीक जीव खातात आणि उंदराकडे पुन्हा ढुंकूनही पाहत नाहीत.

म्हणजे तुमचा येऊरचा आकडा हा उंदराचा नाहीच, उंदीर ज्या मातीवरून रात्रभर फिरला तिचा आहे. आणि तीही सगळीकडे सारखी नसते. चिगर ठिपक्याठिपक्यांनी असतात, एका ओल्या पालापाचोळ्याच्या तुकड्यात शेकडो आणि चार पावलांवर एकही नाही. दाट रानाच्या आतल्या भागापेक्षा जिथे झाडी तोडून पुन्हा झुडपं माजलीत, घाणेरी वाढलीय, भातखाचराचा बांध आणि रान एकमेकांना भिडलंय, अशा कडांवर ते जास्त सापडतात. पाड्यांजवळ नेमकं हेच आहे: खाचरं, गुरांची वाट, मागे कारवीचा उतार. तुमचे पिंजरे त्या पट्ट्यात होते म्हणून कान भरलेले मिळाले. तेच पिंजरे आतल्या मोठ्या झाडांखाली लावले असते तर चित्र बदललं असतं. त्यामुळे प्रबंधात 'जंगल' असा शब्द लिहू नका, 'रानाची कड' असं लिहा.

मातीचा थेट पुरावा हवा असेल तर काळ्या पाटीची जुनी पद्धत वापरा. फूटभर काळा पत्रा किंवा पाटी त्या जागी जमिनीवर काही मिनिटं ठेवायची. भुकेले चिगर तिच्यावर चढतात आणि काळ्यावर नारिंगी ठिपके हलताना नुसत्या डोळ्यांना दिसतात. पिंजऱ्यापेक्षा स्वस्त, आणि उंदीर सापडला नाही म्हणून रात्र वाया जात नाही.

आता धोक्याचं. आपल्याकडे स्क्रब टायफस, म्हणजे चिगर चावल्याने होणारा ताप, पसरवणारा मुख्य चिगर म्हणजे लेप्टोट्रॉम्बिडियम डेलिएन्स. त्यातला जिवाणू, ओरिएन्शिया सुत्सुगामुशी, मादीकडून अंड्यात आणि तिथून पुढच्या पिढीच्या अळीत जातो. अळी आयुष्यात एकदाच जेवते, म्हणजे एका उंदराकडून जिवाणू घेऊन दुसऱ्या कुणाला देणं हा तिचा मार्गच नाही. खरा साठा माइटमध्येच असतो. उंदीर त्या माइटला जेवू घालतो आणि त्याची संख्या टिकवतो, म्हणून महत्त्वाचा. सर्वेक्षणात या जातीचा चिगर इंडेक्स, म्हणजे दर उंदरामागची सरासरी, ०.६९ च्या वर गेला की सावध व्हायचं असा संकेत वापरतात. पण तो या एका जातीचा, सगळ्या माइटचा नव्हे. लेलॅप्स, रॅडफोर्डिया (दोन्ही उंदरांच्या केसांतले माइट), चिगर सगळं एकत्र करून इंडेक्स काढलेले तक्ते मी पाहिलेत. त्यांचा काडीचा उपयोग नाही.

शिवाय नारिंगी दिसलं म्हणजे डेलिएन्स असंही नाही. उंदरांवर सर्रास मिळणारा अॅस्कोशॉन्गास्टिया इंडिका हाही चिगरच, पण तो घरट्याच्या आसऱ्याने राहतो, त्यामुळे इमारतीतल्या उंदरावरही मिळू शकतो. स्लाइडवर पाठीची ढाल बघा. पाच केस आणि मध्ये दोन संवेदी केस असतात. ते दोन बारीक धाग्यासारखे असतील तर लेप्टोट्रॉम्बिडियमकडे जा, टोकाला गदेसारखे फुगीर असतील तर ते नव्हे. येऊरच्या नमुन्यांत हे अजून पाहिलेलं नसेल तर धोक्यावर एक ओळही लिहू नका.

तुर्भ्याचे तपकिरी, चपळ, पाठीवर कडक ढाल असलेले माइट बहुधा लेलॅप्स असतील. बाजारातल्या उंदीर-घुशींवर लेलॅप्स नट्टाली आणि लेलॅप्स एकिडनिना नेहमीचे. हे सगळं आयुष्य उंदराच्या केसांत आणि त्याच्या बिळात काढतात, आईकडून पिल्लांकडे, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जातात. माती कोरडी की ओली याने त्यांना फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो दाटीने. घाऊक बाजाराच्या मागे सडका भाजीपाला, गटार आणि फरशीखालची बिळं असली की घुशी एकमेकींना खेटून राहतात आणि लेलॅप्स वाढतात. हा आकडा तुम्हाला अधिवासाबद्दल सांगतो ते एवढंच, की तिथे उंदीर फार आहेत. ते तर भाजीवाल्यालाही माहीत आहे.

तिसरा प्रकार तुमच्या यादीत दिसत नाही, आणि बाजार व इमारतींच्या बाबतीत तोच मला महत्त्वाचा वाटतो: ऑर्निथोनिसस बॅकोटी, उष्ण प्रदेशातला उंदरांचा माइट. हा रक्त पितो, पण अंगावर फक्त जेवणापुरता येतो, बाकी वेळ घरट्यात किंवा भिंतीच्या फटीत. पिंजऱ्यातल्या उंदरावर तो दिसला नाही याचा अर्थ तो तिथे नाही असा होत नाही. त्यासाठी घरट्यातल्या चिंध्या, कागद, काड्या उचलून फनेलवर दिव्याखाली ठेवाव्या लागतात. उष्णतेपासून पळत माइट खालच्या बाटलीतल्या अल्कोहोलमध्ये पडतात. ठाण्यातल्या एका सोसायटीत दिवाळीआधी पोटमाळ्यावर उंदरांचं औषध ठेवलं, उंदीर मेले, आणि थोड्याच दिवसांत वरच्या मजल्यावरच्या लोकांना कमरेभोवती, मनगटांवर खाज सुटली. सगळ्यांनी ढेकूण समजून गाद्या उन्हात टाकल्या. खरं कारण पोटमाळ्यावरचं जुनं घरटं होतं. यजमान उंदीर मेला की हे माइट कित्येक दिवस उपाशी राहू शकतात आणि मग त्यांना माणसाचं रक्तही चालतं. प्लेगच्या काळापासून शिकलेली गोष्ट हीच, की आधी बिळातले पिसू-माइट मारा आणि मग उंदीर. सोसायट्यांच्या बैठकीत हे कुणी ऐकत नाही, तो भाग वेगळा.

घणसोलीच्या शून्याबद्दल दोन शक्यता आहेत, आणि दुसरी तपासल्याशिवाय पहिली लिहू नका. पहिली, दिवसातून दोनदा भरतीचं खारं पाणी चढणाऱ्या चिखलात चिगरच्या मातीतल्या अवस्था टिकणं अवघड. ते बांधावर, जिथे पाणी पोचत नाही आणि गवत माजलेलं असतं, तिथे शोधा. घुशींची बिळंही तिथेच असतात, तोंडाशी ताज्या मातीचा ढीग टाकलेली. दुसरी शक्यता तुमच्या हाताळणीची. पिंजरे किती वाजता उचलले? खाडीकाठी सावली नसते. सकाळी उशीर झाला, पिंजऱ्यात जनावर मेलं आणि अंग गार पडायला लागलं की केसांतले माइट उतरून निघून जातात, तुम्ही पोचेपर्यंत विंचरायला काही उरत नाही. उजाडताच पिंजरे उचला, प्रत्येक जनावर ताबडतोब वेगळ्या पांढऱ्या कापडी पिशवीत घाला आणि नंतर पिशवीची शिवणही भिंगाने बघा. एकाच पिशवीतून दोन उंदीर आणले असतील तर तो नमुना बाजूला काढा.

उंदरांच्या जातीही तुम्ही कुठे लिहिलेल्या नाहीत. येऊरला काळा उंदीर, तुर्भ्याला छोटी घूस आणि घणसोलीला मोठी घूस असेल, तर फरक जागेचा की जनावराचा हे कोण सांगणार? एक जात तिन्हीकडे मिळते का बघा. छोटी घूस, बँडिकोटा बेंगालेन्सिस, मिळायला हरकत नाही. चिचुंद्री पिंजऱ्यात आली तर 'हा उंदीर नव्हे' म्हणून सोडून देऊ नका. ती उंदीर नाहीच, पण चिगर तिच्यावर भरपूर असतात. मोसमाचंही तसंच. आपल्याकडे चिगर पावसात आणि पावसानंतर, साधारण दिवाळीपर्यंत, जोरात असतात. येऊर ऑक्टोबरमध्ये आणि घणसोली एप्रिलमध्ये केली असेल तर तुलना ऑक्टोबरची आणि एप्रिलची झाली.

सरासरीचं एक राहिलं. परजीवी सगळ्या जनावरांवर सारखे वाटले जात नाहीत. बहुतेकांवर थोडे किंवा शून्य, आणि एखाद्यावर ढीगभर. थोड्या उंदरांच्या नमुन्यात असा एकच सापडला तर तोच सरासरी ठरवतो. म्हणून प्रत्येक माइट गटासाठी वेगळं, किती टक्के उंदरांवर तो मिळाला आणि मध्यक किती, हे दोन्ही द्या. सरासरी द्यायचीच तर त्यांच्या शेजारी.

स्वतःला जपा. येऊरला पँट मोज्यात खोचा, कपड्यांना परमेथ्रिन हे कीटकनाशक लावा, पिंजरा तपासताना गवतात बसू नका, घरी आल्यावर घासून आंघोळ आणि कपडे गरम पाण्यात. चिगर चावलेला कळत नाही. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना उंदीर आणि रान दोन्ही सांगा, नाहीतर डेंग्यू-मलेरियाच्या चाचण्यांत दिवस जातात. काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली काळी खपली आहे का तेही बघा. ती नसली म्हणून स्क्रब टायफस नाही असं मात्र समजू नका. वेळेत डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू झालं तर बहुतेक वेळा लवकर उतार पडतो, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. हातमोजे कायम घाला, कारण उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि त्याला माइट लागत नाही.

येऊरचे पिंजरे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत जात असतील तर वनविभागाची लेखी परवानगी आणि कॉलेजच्या प्राणी नैतिकता समितीचं पत्र दोन्ही आत्ताच फाइलला लावा. त्या पत्रांशिवाय तोंडी परीक्षेत माइटपर्यंत विषय पोचणारच नाही.