नवा फॉर्म कशाला मागितलास?

'ताई, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहतो. मागच्या सेमिस्टरपासून अभ्यासात लक्ष लागत नाही. रात्री तीन-साडेतीनपर्यंत झोप येत नाही, सकाळची लेक्चर्स बुडतात. रूममेट मागे लागला म्हणून कॉलेजच्या समुपदेशन केंद्रात जायला लागलो. चार सेशन झाली. मॅडम बोलायला चांगल्या आहेत, पण उपयोग शून्य. दर वेळी आधी नऊ प्रश्नांचा तोच फॉर्म. मग झोपेची वही भर, श्वासाचा व्यायाम कर, दिवसाचं छोटं वेळापत्रक बनव. हे तर यूट्यूबवरही मिळतं. (मागच्या वेळी शेवटच्या प्रश्नाला आधी 2 लिहिलं होतं, पण उगाच बोभाटा नको म्हणून नवा फॉर्म मागून घेतला आणि 0 केलं. जुना बॅगेतच राहिलाय.) मला वाटतं, ही केंद्रं फक्त दाखवायला उघडलेली असतात. आता समुपदेशक बदलू, एखादं ॲप घेऊ, की हे सगळंच सोडून देऊ?
– कंटाळलेला'

अरे मुला,

तुझ्या पत्रातलं कामाचं सगळं कंसात आहे. कंसाबाहेरचं लिहिलं नसतंस तरी चाललं असतं.

ज्यांनी हा फॉर्म कधी भरलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. नऊ प्रश्नांचा हा फॉर्म बहुधा पीएचक्यू-9 असणार. 2001 साली प्रसिद्ध झाला आणि आज जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती वेळा झाला, एवढंच तो विचारतो. प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण, बेरीज जास्तीत जास्त 27. पहिले आठ प्रश्न कशातच मन न रमणं, उदासी, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, एकाग्रता आणि मंदावलेली किंवा अस्वस्थ हालचाल यांचे. नववा प्रश्न असा की, आपण मेलेलो बरं किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार किती वेळा आले? तिथे 2 म्हणजे 'निम्म्याहून अधिक दिवस'.

चौदातले निदान आठ दिवस. हे तू मला कंसात सांगतोस, आणि यूट्यूबची तक्रार कंसाबाहेर!

बरं, नुसता 2 खोडून 0 करता आला असता. पण मग खाडाखोड दिसली असती आणि मॅडमनी विचारलं असतं. म्हणून कोरा फॉर्म मागितलास आणि आधीची आठ उत्तरं पुन्हा उतरवून काढलीस. सकाळच्या लेक्चरला उठवत नाही त्या मुलाने एवढी मेहनत केली. आणि जुना कागद? तो फाडला नाहीस, फेकला नाहीस, बॅगेत ठेवलास. वर मला लिहून कळवलंस. तो कुणाच्या तरी नजरेस पडावा असं तुला वाटत होतं. माझ्या नजरेस पडला. कळवलंस ते फार बरं केलंस, राजा.

आता रागावते. एक पाय जमिनीवर ठेवून वजनकाट्यावर उभं राहायचं आणि काटा चुकीचा दाखवतो म्हणून बोंब मारायची, हा कुठला न्याय? मॅडमच्या हातात जो कागद आला त्यावर झोप बिघडलेला, लक्ष न लागणारा, पण जिवाला धोका नसलेला मुलगा होता. त्या मुलाला झोपेची वही आणि वेळापत्रक हेच द्यायचं असतं. त्यांनी बरोबर दिलं. तो मुलगा तू नव्हतास, हे त्यांना कसं कळावं? नवव्या प्रश्नाला शून्य सोडून काहीही आलं, अगदी 1 जरी आला, तरी बेरीज किती झाली हे न बघता समुपदेशकाने थांबून त्यावर बोलायचं असतं. ते बोलणं तूच होऊ दिलं नाहीस.

काही केंद्रं खरोखरच दाखवायला असतात, मान्य. हजारो विद्यार्थी आणि समुपदेशक एक, खोली अशा जागी की जाताना सगळ्यांनी बघावं. एरवी यावर मी तुझ्या बाजूने भांडले असते. आज नाही.

बोभाट्याचं बघू. पहिल्या दिवशी तुझ्याकडून एका कागदावर सही घेतली असेल. न वाचता केली असशील, सगळेच करतात. एकदा वाच. तिथे बोललेलं तिथेच राहतं, आणि जिवाला नजीकचा धोका असेल तर अपवाद, असं काहीतरी त्यात असेल. या अपवादालाच तू घाबरलास. पण 'मेलेलो बरं' असं वाटणं आणि आज रात्री काही करायचं ठरवणं यांत मोठं अंतर आहे, आणि ते मोजता येणं हे मॅडमच्या कामाचाच भाग आहे. तू खरं सांगितलंस की त्या लगेच घरी फोन फिरवणार नाहीत. आधी विचारतील. विचार कधी येतात, किती वेळ टिकतात? काही ठरवलं आहेस का? तसं काही जवळ आहे का? आतापर्यंत कशामुळे थांबलास? प्रश्न सरळ असतील, दचकू नकोस. असं विचारल्याने विचार वाढत नाहीत, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आणि कुणाला सांगण्याची वेळ आलीच, तर चांगला समुपदेशक आधी तुझ्याशी बोलतो आणि गरजेपुरतंच सांगतो.

त्यानंतर बहुधा दोघं मिळून एक पान लिहाल. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी बसवलेली ही पद्धत आहे, तिला सुरक्षा योजना म्हणतात. रात्र बिघडायला लागली हे कशावरून ओळखायचं, तेव्हा एकट्याने काय करायचं, कुणाजवळ जाऊन बसायचं, कुणाला खरं सांगायचं, कोणत्या नंबरवर फोन करायचा. शेवटी, ज्याने इजा होऊ शकेल ते हाताशी राहू नये म्हणून काय करायचं. या शेवटच्या ओळीत टंगळमंगळ करू नकोस. विचाराची लाट टोकाला पोचते आणि पुष्कळदा थोड्या वेळात ओसरतेही. तेवढ्या वेळात हाताशी काही नसण्याने जीव वाचतात. तुझ्या साडेतीनपर्यंतच्या जागरणांना श्वासाच्या व्यायामाइतकीच या पानाची गरज आहे.

मॅडम कदाचित मानसोपचारतज्ज्ञाकडेही पाठवतील. गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा पुरता गुण यायला काही आठवडे लागतात. पंचवीसच्या आतल्या मुलांवर सुरुवातीच्या आठवड्यांत डॉक्टर जास्त बारीक लक्ष ठेवतात, कारण त्या वयात असे विचार काही वेळा वाढू शकतात. तिथेही खोटा 0 लिहिलास तर ते लक्ष कशावर ठेवणार?

समुपदेशक बदलू का, ॲप घेऊ का, सोडून देऊ का, यातलं काही करायचं नाही. मॅडमशी सूर जुळत नसेल तर समुपदेशक बदलणं हा तुझा हक्क आहे, त्यात गैर काही नाही. पण ज्यांना तू अजून भेटलाच नाहीस त्यांना बदलणार कसा? आणि 0 लिहिणारा मुलगा ॲपमध्येही 0 च लिहील.

एकच कर. बॅगेतला तो फॉर्म काढ आणि मॅडमच्या टेबलावर ठेव. बोलायला जमलं नाही तर बोलू नकोस. नवव्या प्रश्नावर बोट ठेव, पुढचं त्यांना कळेल. लाज वाटेल, घशात काहीतरी अडकेल, 'आधी का नाही सांगितलंस' असं विचारलं जाईल अशी भीती वाटेल. वाटू दे. आधी लपवून मग सांगणारी मुलं त्यांना नवीन नाहीत.

पुढचं सेशन कधी आहे ते तू लिहिलेलं नाहीस. त्याची वाट बघायची नाही. हे वाचशील त्या दिवशी केंद्र उघडं असेल तर तडक जा किंवा फोन कर आणि म्हण, 'फॉर्ममधलं नववं उत्तर मी खोटं लिहिलं होतं, मला आजच भेटायचं आहे.' बंद असेल, किंवा रात्री विचार दाटून आले, तर 14416 लाव. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. आणि काही करायचं मनात ठरत चाललं असेल तर फोनवरही वेळ घालवू नकोस, रूममेटला उठव आणि त्याच्यासोबत जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात जा. तुझ्या मागे लागून तुला केंद्रापर्यंत नेणारा मुलगा आहे तो, रात्री तीनला उठवलंस म्हणून चिडणार नाही.

– ताई