हिंजवडी-कोथरूड ट्रॅफिकला कंटाळलोय, स्वतःची उडती गाडी घेता येईल का?

पैसे असले तर घ्या, पण पुण्यात उडवणार कुठे? लोहगाव एअरफोर्सचं, खडकवासल्याला एनडीए, चांदणी चौकावरून उडत जायचं स्वप्न आत्ता तरी विसरा.

मशीन मात्र खरंच आहेत. स्वीडनमध्ये सुरू झालेल्या कंपनीचं जेटसन वन बघा, आठ मोटारी, एकच सीट, वेग ताशी 100 किमीच्या आसपास आणि बॅटरी जेमतेम 20 मिनिटं, कारण पंख नाहीत, सगळं वजन पंख्यांनीच हवेत धरून ठेवायचं म्हटल्यावर चार्ज धडाधड उतरतो. आणि पायलट 95 किलोच्या आतला हवा, म्हणजे आमच्यासारखे मिसळवाले बाहेरच. पिव्होटल कंपनीच्या हेलिक्स या मशीनला पंख आहेत, ते 30-32 किमी जातं, पण किंमत 1,90,000 डॉलरपासून, म्हणजे दीड कोटीच्या वर, तेवढ्यात कोथरूडात फ्लॅट येईल.

अमेरिकेत हे अल्ट्रालाइटमध्ये, म्हणजे अगदी हलक्या विमानांच्या गटात बसतं, रिकामं वजन साधारण 115 किलोच्या आत (पॅराशूट वगैरेची सूट वेगळी) असलं की लायसन्स लागत नाही, पण दाट वस्तीवरून उडायला तिथेही बंदी आहे, फक्त दिवसा, मोकळ्या रानावर. म्हणजे ऑफिसला जायला नाहीच, हौस म्हणून.

तोवर मेट्रो.